मुंबई ते न्यूयॉर्क: साडेबारा हजार किलोमीटर आणि तिकिटावर न छापलेले तास

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील हवाई अंतर सुमारे 12,530 किलोमीटर आहे. अंतर काढून देणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर हा आकडा क्षणात मिळतो आणि त्याच्या शेजारी उड्डाणाची वेळ म्हणून 15 तासांच्या आसपासचा दुसरा आकडा दिसतो. मुलगा किंवा लेक तिकडे असलेली आपल्याकडची बहुतेक मंडळी तिकीट काढण्यापूर्वी हे दोन आकडे आणि भाडे एवढेच पाहतात. या मार्गावर थेट विमानाने आणि वाटेत थांबा घेऊनही प्रवास केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की अंतराचा आकडा अचूक असूनही मार्ग निवडताना त्याचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही, वेळेचा आकडा अर्धवट आहे, आणि खरा फरक पडतो तो विमान जमिनीवर असताना. हे परीक्षण त्यामुळे कुठल्या एका विमान कंपनीचे नसून या प्रवासाच्या निरनिराळ्या पर्यायांचे आहे, आणि ते मुख्यतः पुण्याहून निघून न्यू जर्सीला पोहोचणाऱ्या वयस्क जोडप्याच्या नजरेतून केलेले आहे.

प्रथम अंतराविषयी. भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर अशी सरळ पश्चिमेला जाते. त्या रेघेवरून एकच दिशा धरून खरोखर उडायचे ठरवले तर सुमारे 14,200 किलोमीटर पडतील. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग मात्र वायव्येकडे, किंबहुना उत्तरेकडेच अधिक झुकलेला असतो. तो कच्छच्या रणावरून सिंध आणि बलुचिस्तानात शिरतो, अफगाणिस्तानच्या हेरातजवळून मध्य आशिया ओलांडतो, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून आणि हेलसिंकीच्या जवळून जातो, आइसलँडच्या पूर्वेला सुमारे 65 अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करून कॅनडाच्या लॅब्राडॉरमार्गे न्यूयॉर्कला उतरतो. मुंबईहून पश्चिमेला जायला निघालेल्या माणसाला मॉस्को वाटेत लागावे हे पहिल्यांदा ऐकताना खोटे वाटते, पण घरातल्या पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहिला की लगेच पटते.

आता याच आकड्याच्या आधारे पर्यायांची तुलना करून पाहू. मुंबई–दुबई सुमारे 1,930 किलोमीटर आणि दुबई–न्यूयॉर्क सुमारे 11,000 किलोमीटर, म्हणजे दुबईमार्गे एकूण अंतर 12,930 च्या आसपास होते. फ्रँकफर्टमार्गे किंवा लंडनमार्गे गेल्यास बेरीज साधारण 12,750 येते. थेट मार्गाशी तुलना करता दुबईचा वळसा अवघा 400 किलोमीटरचा आणि युरोपचा 200 ते 250 किलोमीटरचा आहे, म्हणजे जेट विमानाच्या हिशेबाने पंधरा मिनिटे ते अर्ध्या तासाचा. कागदावर तीनही पर्याय सारखेच दिसतात. असे असूनही थेट विमान सुमारे 16 तासांत पोहोचते आणि दुबईमार्गे जाणाऱ्याला तिकिटावरच 20 ते 24 तास लिहून मिळतात, कारण दुसऱ्या विमानाची वाट पाहणे, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा धावपट्टीकडे रांगेत सरकणे आणि पुन्हा वर चढणे यांचा किलोमीटरशी काहीही संबंध नसतो.

वेळेच्या आकड्यातील दोष वेगळा आहे. अंतर काढून देणारी बहुतेक साधने अंतराला ताशी 800 ते 900 किलोमीटर अशा ठोकळ वेगाने भागतात आणि उड्डाण व अवतरणासाठी अर्धा तास मिळवतात. जाताना आणि येतानाचे उत्तर त्यामुळे एकच निघते. प्रत्यक्षात या मार्गावर जाताना सुमारे 16 तास लागतात आणि येताना साडेचौदा तासांच्या आसपास. विमान ज्या 9 ते 12 किलोमीटर उंचीवरून उडते, तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहत असतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात आणि त्याचा वेग अनेकदा ताशी 150 किलोमीटरच्या पुढे जातो. न्यूयॉर्कला जाताना हा वारा समोरून येतो आणि परतताना पाठीशी असतो. हिवाळ्यात तो अधिक जोर धरतो, म्हणून डिसेंबर–जानेवारीतला जाण्याचा प्रवास उन्हाळ्यापेक्षा लांबलेला जाणवतो. आसनासमोरच्या पडद्यावर नकाशाबरोबर वाऱ्याचा आकडाही दाखवला जात असेल तर तो जरूर पाहावा. अटलांटिकवर ‘समोरून 140’ असे दिसले की पुढचे दोन तास संपत का नाहीत याचा उलगडा होतो.

घड्याळाचा घोळही येथेच मिटवून घ्यावा. हिवाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेदहा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास पुढे केली जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतली जातात. त्या काळात फरक साडेनऊ तासांचा राहतो. रात्री 2 वाजता मुंबईहून निघालेले विमान 16 तासांनी, हिवाळ्यात, त्याच तारखेच्या सकाळी साडेसातला उतरते, आणि तिकिटावर केवळ वेळा पाहणाऱ्याला हा प्रवास साडेपाच तासांचा वाटू शकतो. उलट, दुपारी 12 ला न्यूयॉर्कहून निघालेले विमान साडेचौदा तासांनी मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता पोहोचते. घ्यायला येणाऱ्या मुलाला तारीख कळवताना या भानगडीत हमखास गोंधळ होतो, म्हणून तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात हे घरातल्या ज्येष्ठांना आधीच समजावून सांगितलेले बरे.

शिवाय सर्वांत जवळचा मार्ग नेहमी खुला असतोच असे नाही. पाकिस्तानने 2019 मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपले आकाश बंद ठेवले होते, आणि पहलगामच्या हल्ल्यानंतर 24 एप्रिल 2025 पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना ते पुन्हा बंद केले. याचा फटका दिल्लीला अधिक बसला; तेथून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावे लागले. मुंबईच्या विमानांना अरबी समुद्रावरून आखाताकडे वळण्याची मोकळीक असल्यामुळे त्यांची गैरसोय तुलनेने कमी झाली. रशियाचे आकाश 2022 पासून अमेरिकी कंपन्यांना बंद झाले आणि त्याच वर्षी युनायटेड एअरलाइन्सने आपली मुंबई–नेवार्क थेट सेवा थांबवली. वर मॉस्कोचा उल्लेख केला तो या कारणानेही महत्त्वाचा आहे. अंतराचे गणित भूमितीचे आहे, पण उड्डाणाची परवानगी राजकारणाची आहे, आणि संकेतस्थळावरचे गणकयंत्र फक्त पहिल्याचाच हिशेब करते.

पुणेकरांना अनेकदा दिल्लीमार्गे जाण्याचा सल्ला दिला जातो, त्याचे मूल्यमापनही याच संदर्भात करता येते. दिल्ली–न्यूयॉर्क अंतर सुमारे 11,750 किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा जवळजवळ 800 किलोमीटरने कमी आहे. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर सामान देऊन दोन तासांत दिल्ली गाठायची आणि घाट, एक्स्प्रेसवे, अंधेरीची वाहतूक हे सगळे टाळायचे, ही कल्पना चांगलीच आहे. मात्र हिवाळ्यात दिल्लीचे धुके आणि मार्ग बंद असताना लांबलेले उड्डाण या दोन गोष्टींनी तो फायदा बऱ्याच अंशी खाल्ला जातो. फेब्रुवारीअखेर ते नोव्हेंबर या काळात आणि मार्ग मोकळे असतील तेव्हाच मी हा पर्याय सुचवीन.

या सेवांच्या सुरुवातीच्या काळातली स्थिती आठवली तर आजची कुरकुर थोडी अवास्तव वाटते हेही खरे. एअर इंडियाने 8 जून 1948 रोजी मुंबई–लंडन सेवा सुरू केली तेव्हा ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला पोहोचत असे. न्यूयॉर्कची सेवा मे 1960 मध्ये बोइंग 707 विमानांनी लंडनमार्गे सुरू झाली. मुंबईहून न्यूयॉर्कला कुठेही न उतरता जाणारे एअर इंडियाचे विमान ऑगस्ट 2007 मध्ये आले, आणि ते शक्य झाले बोइंग 777 च्या लांब पल्ल्याच्या आवृत्तीमुळे. अशा एका उड्डाणात 100 टनांहून अधिक इंधन जळते आणि त्यातला बराच भाग उरलेले इंधन वाहून नेण्यातच खर्च होतो. थेट विमानाचे भाडे सहसा का चढे असते, याचे एक कारण यात आहे.

आता घराच्या उंबरठ्यापासून हिशेब करू, कारण माझ्या दृष्टीने तोच खरा प्रवास. रात्री 2 च्या विमानासाठी कोथरूडहून संध्याकाळी 6 ला निघणे शहाणपणाचे ठरते. सुमारे 150 किलोमीटरचा रस्ता एरवी साडेतीन-चार तासांत होतो, पण खंडाळ्याच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला तर दोन तास सहज वाढतात, आणि अमेरिकेच्या विमानाला कागदपत्रांची तपासणी अधिक काटेकोर असल्यामुळे टर्मिनल 2 वर तीन-चार तास आधी पोहोचावेच लागते. त्यानंतर थेट विमानाचे 16 तास, न्यूयॉर्कला इमिग्रेशन आणि सामान मिळेपर्यंत दीड-दोन तास आणि पुढे गाडीने एक तास. हे सगळे मिळून 27 तास होतात. मध्ये तीन तासांचा थांबा घेतला तर हाच आकडा 31–32 वर जातो, आणि थांबा लांबला तर त्याहून पुढे. तिकिटावर छापलेले 16 आणि 20 हे आकडे पाहून जो निर्णय घेतला जातो, तो 27 आणि 32 पाहून वेगळा असू शकतो, कारण चोवीस तासांनंतरचा प्रत्येक तास सत्तरीतल्या माणसाला आधीच्या दोन तासांइतका जड जातो.

थेट विमानातले ते 16 तास कसे जातात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. बहुतेक कंपन्यांनी 777 विमानाच्या साध्या वर्गात एका ओळीत तीन, चार आणि तीन अशी दहा आसने बसवली आहेत, त्यामुळे मधल्या आसनावर बसणाऱ्याला कोपर टेकवायला जागा शोधावी लागते. केबिनमधला हवेचा दाब या विमानांत सुमारे 2,400 मीटर उंचीइतका खाली येऊ शकतो. 1,646 मीटरच्या कळसूबाईपेक्षाही वरची ही उंची झाली. हवा कोरडी, आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली. ओठ फुटतात, पाऊले सुजतात आणि दहाव्या तासानंतर चप्पल पायात शिरत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी मार्गिकेलगतचेच आसन आधी पैसे भरून घ्यावे, आणि रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर दाब देणाऱ्या मोज्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारावे. नव्या ए350 आणि 787 विमानांत हा दाब सुमारे 1,800 मीटर उंचीइतका ठेवलेला असतो आणि थकवा कमी जाणवतो, म्हणून तिकीट काढताना विमानाचा प्रकार पाहणे हे अंतर पाहण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे. जेवणासाठी शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद आधी केलेली असावी. तरीही बरोबर धपाटे किंवा गुळपोळी ठेवावी, कारण मधल्या सात-आठ तासांत जे काही मिळते त्याला आपण फार तर फराळ म्हणू.

थांबा घेऊन जाणाऱ्या प्रवासाच्या बाजूनेही बोलण्यासारखे बरेच आहे. मध्ये पाय मोकळे होतात, नीट आंघोळ नाही तरी तोंड धुता येते, आणि भाड्यात अनेकदा बरीच बचत होते. त्यातही अबू धाबीचा पर्याय मला विशेष विचार करण्याजोगा वाटतो. तेथे जानेवारी 2014 पासून अमेरिकेच्या सीमाशुल्क व इमिग्रेशन अधिकाऱ्यांचे पूर्वतपासणी केंद्र आहे. ‘कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कोणाकडे उतरणार’ हे प्रश्न विमानात चढण्यापूर्वीच होऊन जातात आणि न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखे उतरून थेट सामानाच्या पट्ट्याकडे जाता येते. इंग्रजीत उत्तरे देताना गडबडणाऱ्या आई-वडिलांना रात्रभराच्या प्रवासाने अंग आंबलेले असताना रांगेत उभे राहावे लागत नाही, ही मोठीच सोय आहे. अट एवढीच की या तपासणीला वेळ लागत असल्यामुळे अबू धाबीचा थांबा तीन तासांपेक्षा कमी नसावा.

थांब्याची लांबी हा या परीक्षणातला सर्वांत नाजूक मुद्दा. पुण्यातल्या एका प्रवास कंपनीने आम्हाला आखातातल्या एका शहरात 80 मिनिटांचा थांबा असलेले तिकीट दिले आणि ‘नियमात बसते’ असे सांगितले. ते नियमात बसतही होते. पण मुंबईहून विमान अर्धा तास उशिरा सुटले, उतरल्यावर आधी बसने नेण्यात आले, यजमानांसाठी नोंदवलेली व्हीलचेअर यायला वेळ लागला, आणि अमेरिकेच्या विमानासाठी दारापाशी दुसरी सुरक्षा तपासणी असल्याने ते दार वेळेपूर्वी बंद झाले. पुढचे विमान मिळेपर्यंतची रात्र खुर्च्यांवर काढावी लागली. व्हीलचेअर लागणार असेल तर अडीच तासांच्या आतला थांबा कितीही स्वस्त पडला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असावीत हे तर सांगायलाच नको. वेगवेगळी तिकिटे असतील तर चुकलेल्या विमानाची जबाबदारी कोणीच घेत नाही.

एक आनुषंगिक सूचना. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत 2018 पासून हातातल्या सामानातील 350 मिलिलिटरपेक्षा जास्त भुकटीची वेगळी तपासणी होते. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी हे सगळे मोठ्या बॅगेतच भरावे. सुनेसाठी नेलेला अर्धा किलो गोडा मसाला दारापाशी उघडून दाखवताना मागच्या रांगेला येणाऱ्या शिंका कोणालाच नको असतात.

उतरण्याचे ठिकाण हा अंतराच्या तक्त्यात न दिसणारा आणखी एक भाग. न्यूयॉर्कचे म्हणून जे तिकीट मिळते ते केनेडी विमानतळाचे असू शकते किंवा हडसन नदीपलीकडच्या नेवार्कचे. मुंबईपासून दोन्हींचे अंतर जवळजवळ सारखेच आहे. एडिसन, इझलिन, जर्सी सिटी या भागांत राहणाऱ्या आपल्या माणसांना मात्र नेवार्क अर्ध्या-पाऊण तासावर आहे, तर केनेडीहून सकाळच्या गर्दीत पूल ओलांडत यायला दीड-दोन तास आणि वर टोल. क्वीन्स किंवा लाँग आयलंडला राहणाऱ्यांसाठी हाच हिशेब उलटा होतो. भाड्यात थोडासा फरक असेल तर घराजवळचा विमानतळ घ्यावा; घ्यायला येणाऱ्याला कामावरून अर्धी सुट्टी घ्यावी लागते, तीही या खर्चात धरायला हवी.

पर्यायांचा क्रम लावायचा झाला तर प्रथमच जाणाऱ्या, भाषेची अडचण असलेल्या किंवा व्हीलचेअर लागणाऱ्या ज्येष्ठांसाठी जाताना थेट विमान हेच माझे पहिले मत. भाडे थोडे अधिक पडले तरी सामान एकदाच द्यायचे, दार एकदाच शोधायचे आणि चुकण्यासारखे दुसरे विमानच नाही, याची किंमत मला रास्त वाटते. त्यानंतर पुरेसा थांबा असलेला अबू धाबीचा मार्ग, मग इतर आखाती शहरे. युरोपमार्गे अंतर किंचित कमी असले तरी पारगमन व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे असतात, विशेषतः परतताना अमेरिकेच्या व्हिसाची मुदत संपलेली असेल तर, म्हणून तो पर्याय नियम तपासूनच घ्यावा. लहान मुले बरोबर असतील तर मात्र मी क्रम बदलेन: दीड वर्षाच्या मुलाला सलग 16 तास बांधून ठेवण्यापेक्षा मध्ये तीन तास मोकळे पळू देणे आई-बापांच्या आणि शेजारच्या प्रवाशांच्याही भल्याचे असते.

परतीच्या प्रवासाला हे निकष तितक्या कडकपणे लावण्याची गरज नाही. वारा पाठीशी असतो, इमिग्रेशन आपल्याच देशातले असते, आणि उशीर झाला तरी कोणी विशेष प्रश्न विचारणारे नसते. पैसे वाचवायचे असतील तर ते येतानाच्या तिकिटावर वाचवावेत. फक्त मुंबईत भर दुपारी उतरून लगेच पुण्याची गाडी धरण्याऐवजी, शक्य असल्यास ठाण्याला किंवा दादरला नातेवाइकांकडे एक रात्र काढावी. साडेनऊ-साडेदहा तासांनी उलटलेले शरीर त्या वेळी मध्यरात्र धरून बसलेले असते, आणि अशा अवस्थेत एक्स्प्रेसवेवर स्वतः गाडी चालवणे तर कोणीही टाळावे.